तिलाही फोटोत घ्या

माझ्या तरुणपणाची चौकशी करायला आजवर कोणी आलं नव्हतं. बायकोला विचारायची गरज नव्हती, अर्धं तिच्यादेखतच घडलं होतं. मुलाला कधी वेळ झाला नाही. शेवटी चौकशी आली ती इंग्लंडातल्या एका म्युझियममधून. तीही मी कोण, कुठला, काय शिकलो यासाठी नव्हे, तर एका दगडी बाईच्या ओळखीतला माणूस म्हणून. आली ती अशा वेळी, की बाहेर पडायला सगळ्यांनाच बंदी होती आणि घरात बसणं मला जमत नव्हतं.

हे ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलचं घर माझ्या मुलाचं, नितीनचं. गल्लीतली सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी. पहिल्या वर्षी मी दोनदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून बसलो होतो. सुशीला, माझी बायको, लॉकडाऊन सुरू झाला त्याच हिवाळ्यात गेली, त्याच आजारानं. अंत्यविधीला दहा माणसं चालतील असा नियम होता. आमच्याकडे दहा भरली नाहीत. अस्थी गोदावरीत सोडायच्या, हे तिनं बोलून ठेवलेलं. पण विमानं बंद. म्हणून ती हॉलमधल्या कपाटात वरच्या फळीवर होती. कोणी वेफर्सचं पाकीट काढायला कपाट उघडलं, की आधी तिच्याकडं बघून घ्यायचं आणि मग पाकीट काढायचं.

घरातलं जेवणाचं टेबल मात्र इंग्लंड झालं होतं. माझी नात सई युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. विषय असा, की ब्रिटनमधल्या म्युझियमांनी पुतळे आणि नव्या पद्धतीची चित्रं कशी जमवली, कोणाच्या पैशानं जमवली आणि का. त्यासाठी तिला स्कॉलरशिप मिळाली होती, वर्षभर तिकडं राहून काम करायचं होतं. नवी बॅग आणली, गरम कोट आणला, आणि सरकारनं दार लावून घेतलं. कोट खुर्चीच्या पाठीवर लटकत राहिला. टेबलावर लॅपटॉप, पुस्तकं, वायरी. आम्ही चौघं किचनच्या ओट्याशी उंच स्टुलांवर बसून जेवायचो, नाक्यावरच्या टपरीवर बसल्यासारखे.

सई मला तू म्हणते. तिची आई रागावते, मला बरं वाटतं. चहा देताना मी तिच्या खांद्यावरून चित्रं बघायचो. एकात नुसते दोन पट्टे होते, एक राखाडी आणि दुसरा त्याहून राखाडी.

"हे काय आहे?"

"समुद्र आहे, आजोबा. It's about absence."

मी चौथी शिकलेला माणूस. उमेदीची वर्षं गेली ती गाड्यांच्या वर्कशॉपात पत्र्यांना रंग मारण्यात. असे पट्टे ठेवले असते तर सुपरवायझरनं दुसरा हात मारायला लावला असता. तसं मी म्हटलं. सई हसली आणि म्हणाली, हे मी थीसिसमध्ये घालते. घातलं नाही.

एक दिवस चहा घेऊन गेलो तर पडद्यावर एक बाई उभी. पांढरी, वरून उघडी, कमरेला कापड गुंडाळलेलं, डाव्या काखेत कणसांची पेंढी; फोटो त्याच बाजूनं काढलेला, उजवा हात दिसत नव्हता. मी कप ठेवला आणि विचारलं, "ही इथं काय करतेय?"

"कोण?"

"ही. आमची बाई. आमच्या अंगणात होती."

सईनं मान वळवून आईकडं पाहिलं. सून भाजी चिरायची थांबली. सुशीला गेल्यापासून दोघी माझ्यावर नजर ठेवून होत्या. मी मीठ दोनदा घालतो का, गॅस बंद करतो का, आता दगडाच्या बायका ओळखायला लागलो का. त्या दोघींचं ते बघणं मला इतकं झोंबलं, की मी हॉलमध्ये गेलो, सुशीलेच्या अस्थिकलशाशेजारचा आमच्या लग्नाचा फोटो उचलला आणि आणून लॅपटॉपला टेकवून उभा केला.

फोटोत तिघं आहेत. डावीकडं सुशीला, उजवीकडं मी, आणि मधोमध, आम्हा दोघांपेक्षा हातभर उंच, लुगडं नेसलेली ती.

सईनं आधी पडद्याकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग पुन्हा पडद्याकडं. नंतर तिनं खुर्ची मागं ढकलली आणि माझ्यासाठी दुसरी ओढली. त्या घरात माझ्यासाठी कोणी खुर्ची ओढून किती दिवस झाले होते.

आता ते सांगायला हवं. खानदेशातलं तालुक्याचं गाव आमचं. गावाबाहेर जकात नाक्यापलीकडं नगरपालिकेचं गोदाम होतं, माझे वडील तिथं चौकीदार. गोदाम म्हणजे तारेचं कुंपण आणि आत मोडलेले कंदिलाचे खांब, डांबराची पिंपं, सुकलेले नळ, आणि एक रोडरोलर, जो चालू झाला की आमच्या चुलीवरचं भगुणं थरथरायचं. कोपऱ्यात दोन खोल्या आमच्या. सकाळी डांबराचा वास, दुपारी तापल्या पत्र्याचा, संध्याकाळी आईच्या भाकरीचा. वांगी भाजायला घेतली की कुत्रीसुद्धा गेटाशी येऊन बसायची. शेजार नव्हताच. सगळ्यात जवळची बाई जकात नाक्याच्या कारकुनाची बायको, आणि ती आमच्याशी बोलत नसे.

मी सोळा-सतरा वर्षांचा असेन, तेव्हा गावातलं जुनं कारंजं पाडलं. कोण्या साहेबानं मेलेल्या बायकोच्या नावानं ते बांधलं होतं आणि त्यावर उभी करायला विलायतेहून ही बाई मागवली होती. साहेब गेला, राज्य गेलं, पाणी तर त्याआधीच गेलं होतं. कारंज्याच्या जागी मोटार स्टँड झाला आणि बाई बैलगाडीतून आमच्याकडं आली. उतरवताना उजवा हात मनगटापासून तुटला. वडलांनी कुठं ठेवू म्हणून विचारलं, तर कारकून म्हणाला ठेव कुठंही, ती काय पळून जातेय. मग आमच्या दारासमोर निंबाखाली उभी केली.

आईनं तिला पाहिलं आणि त्या दिवशी तिनं अंगणात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी वडलांना म्हणाली, "घरात वयात आलेला पोरगा आहे. दारात उघडी बाई ठेवताय?"

वडील म्हणाले, "अगं दगड आहे."

"पोरगा तर दगड नाही ना."

दुसऱ्या दिवशी आईनं आपलं एक जुनं लुगडं तिला नेसवलं. तिकडच्या विद्वानांनी पुढं यावर काय काय लिहिलं आहे. परक्या मूर्तीला देवत्व दिलं, धर्मात धर्म मिसळला. मी सईला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की देव वगैरे काही नाही, माझ्या आईला लाज वाटली. ते त्यांना पुरेसं वाटलं नाही.

एकदा लुगडं नेसवल्यावर बाई घरातलीच झाली. नवरात्रात आईला पाच सवाष्णी जेवायला लागायच्या आणि गोदामात येतं कोण? चार कशाबशा जमायच्या. पाचवं ताट आई तिच्यापुढं मांडायला लागली. पुरणाचे मांडे, आमटी, भजी, सगळं साग्रसंगीत. वडील एकदा म्हणाले, "ती सवाष्ण कशावरून? हिचा नवरा कोण, जिवंत आहे का मेला, काय माहीत तुला?" आईनं कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावत सांगितलं, "विलायतेत असेल. पत्र येत नाही म्हणून माणूस मेला असं होत नाही." तिला हळदीकुंकू लावलं, पेंढीच्या हातात हिरव्या बांगड्या चढेनात म्हणून दोऱ्यानं बांधल्या. ताट नंतर मीच खायचो. त्या बाईमुळं वर्षातून एकदा मला दोन माणसांचं जेवण मिळायचं, हा तिचा माझ्यावरचा पहिला उपकार.

दुसरा उपकार सुशीलेच्या बाबतीतला. लग्न तिच्या गावी झालं. त्या काळी मुलगी मान खाली घालून यायची ती खालीच ठेवायची. आमच्या दारात उतरली, माप ओलांडलं, आणि मागून कोणी तरी म्हणालं, वडीलधाऱ्यांच्या पाया पड. ती ओळीनं पाया पडत सुटली. वडील, आई, मामा, मामी, आणि ओळीच्या शेवटी निंबाखाली लुगड्याचा काठ दिसला तशी तिथंही वाकली. पायांना हात लावला आणि तशीच थबकली. मग मान वर केली. तिनं सासरचं पाहिलेलं पहिलं तोंड ते. सगळे खो खो हसत होते. नवी नवरी आता रडणार असं मला वाटलं. तर सुशीला हळूच आईला म्हणाली, "या मोठ्या जाऊबाई का? पाय फार गार आहेत यांचे."

आईनं त्याच क्षणी तिला आपली म्हटलं. मी पण म्हटलं, पण मला कोणी विचारलं नाही.

फोटोवाला दुसऱ्या दिवशी आला. खांद्यावर पेटी, मागं टांगायला बागेचं चित्र काढलेला पडदा. वाऱ्यानं पडदा टिकेना. शेवटी तो म्हणाला झाडाखाली उभे राहा, पण तो पुतळा मधे येतोय, जरा बाजूला सरका. तेव्हा सुशीला, जी माझ्याशीही अजून धड बोलली नव्हती, त्याला म्हणाली, "येऊ द्या मधे. तिलाही फोटोत घ्या. ती पण इथं एकटीच आलीय." फोटोवाल्यानं वडलांकडं पाहिलं. वडील म्हणाले, घे. फोटो उतरवायची एकच काच होती त्याच्याकडं, एकच फोटो निघाला. सुशीलेचा तरुणपणीचा दुसरा फोटो नाही. रेशनकार्डाच्या वेळी काढला तेव्हा ती चाळिशीला आली होती.

तिची आणि बाईची मैत्री झाली. तांदूळ निवडताना ती बाईशी बोलायची, माझ्या तक्रारी तिला सांगायची, मोठ्यानं, म्हणजे मला आत ऐकू येतील अशा. तुटलेल्या हातात काय होतं यावर घरात वाद चालायचे. आई म्हणे कुंकवाचा करंडा. वडील म्हणत काही नसेल, नगरपालिकेकडं आलेला हात, रिकामाच असणार. सुशीला म्हणे लिंबू. का लिंबू? तर म्हणे परक्या गावात एकटी बाई उभी राहणार, दृष्टीसाठी लिंबू नको का? हा वाद ती आपल्याबरोबर इथं घेऊन आली. विमानात, समुद्रावरून येताना, खिडकीतून खाली बघत मला म्हणाली होती, "लिंबूच होतं."

बाई गेली तो दिवस असा. गोदाम रिकामं करायचा हुकूम आला आणि ट्रक आला. कुठं नेणार विचारलं, तर एक म्हणाला जिल्ह्याच्या बागेत, दुसरा म्हणाला साहेबाच्या बंगल्यावर, ड्रायव्हर म्हणाला फरशीच्या कारखान्यात, तुकडे करून. मुकादम म्हणाला, लुगडं उतरवा, आमच्याकडं एक नग पुतळा आहे, लुगडं लिहिलेलं नाही. सुशीला मध्ये उभी राहिली. नितीन तेव्हा तिच्या पोटात होता. म्हणाली, "बाईमाणूस आहे. नेसूनच जाईल." आणि आत जाऊन तिनं खण, तांदूळ आणि नारळ आणला, दगडाच्या पदरात ओटी बांधली, कुंकू लावलं. मुकादम चुळबुळत उभा राहिला. ओटी भरत असताना घाई करायची हिंमत आमच्याकडच्या पुरुषात नसते. ट्रक गेला. धुरळा उडाला. तिचं पुढं काय झालं, आजतागायत कोणाला माहीत नाही.

आणि सुशीलेच्या वेळी? सुनेनं हिरवं लुगडं इस्त्री करून ठेवलं होतं. नवरा मागं असताना जाणाऱ्या बाईला हिरवं नेसवतात, बांगड्या भरतात, ओटी भरतात. फोनवर हॉस्पिटलातली नर्स दिसत होती, तीही कुठून तरी लांबून आलेली पोर, डोळ्यांपर्यंत झाकलेली. म्हणाली, सॉरी अंकल, आत काही देता येत नाही. तिची चूक नव्हती. नियम होता, आणि नियमाला कारणही होतं. तिनं फोन धरून ठेवला म्हणून मला शेवटचं दिसलं तरी. प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीची ओढून लावलेली चेन. लुगडं खुर्चीवर राहिलं, सईच्या कोटाशेजारी.

तर सईनं फोटो इंग्लंडला पाठवला आणि तिथं एकच धावपळ उडाली. ते म्युझियम कापसाच्या एका गिरणीवाल्यानं उभारलेलं. त्यानं कापूस घ्यावा खानदेशातला आणि चित्रं घ्यावीत पॅरिसमधली, असा त्याचा संसार. बाईचा मूळ साचा, म्हणजे जिच्यावरून आमची घडवली ती प्लास्टरची मूर्ती, त्यांच्याकडं. नाव तिचं 'प्लेंटी', म्हणजे सुबत्ता. आमच्या दारात इतकी वर्षं सुबत्ता उभी होती आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. संगमरवरी मूर्ती हिंदुस्थानात पाठवली एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिथल्या हेलन नावाच्या बाई त्यांच्या सगळ्या मूर्तींचं मोठं पुस्तक काढत होत्या, त्यात सईचा लेख जायचा होता. आता लेखाला फोटो मिळाला. सई घरभर नाचली. लॉकडाऊनमध्ये पहिल्यांदा कोणी तरी नाचत होतं, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

मग छापायच्या पानाचा नमुना आला. सईनं मला बोलावून दाखवला. मधोमध बाई, मोठी, स्वच्छ. डाव्या कडेला एक कोपर आणि दोन-तीन बांगड्या.

"हे कोपर कोणाचं आहे?" मी विचारलं.

सईनं पान मोठं करून पाहिलं.

"तुझ्या आजीचं कोपर आहे ते."

"आजोबा, it's a sculpture book. लोकांना स्कल्प्चर बघायचंय. सगळे असंच क्रॉप करतात."

"मला कापा. मी त्यात असाही डोळे मिटलेला आहे. तिला कापायचं नाही."

"तुझी परमिशन लागते त्यांना. तू नाही म्हणालास तर फोटोच जाणार नाही. मग माझ्या चॅप्टरमध्ये काय राहतं? I've got nothing else. मी तिकडं जाऊही शकत नाही."

ते खरं होतं. ती पोर वर्षभर त्या टेबलाशी कोट शेजारी ठेवून बसली होती. पण मी म्हटलं, "त्या बाईला फोटोत कोणी घेतलं? आजीनं. तिनं घेतलं नसतं तर तुमच्या पुस्तकात आज निंबाचं झाड असतं. आणि तुम्ही तिलाच बाहेर काढताय." मग फोटो उचलून मी कलशाशेजारी परत ठेवला. सून म्हणाली, बाबा, तिच्या करिअरचा प्रश्न आहे. मी म्हटलं, माझ्याकडं एकच फोटो आहे. त्या संध्याकाळी चौघांनी चार वेगळ्या वेळी जेवून घेतलं. एवढ्या छोट्या घरात ते सोपं नव्हतं.

दोन दिवस सई माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तूच सांग हेलनला. मी ट्रान्सलेट करते."

आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. सुनेनं मला कडक कॉलरचा शर्ट घालायला लावला. पडद्यावर हेलनबाई मास्क लावून, एकट्याच, म्युझियम बंद असल्यामुळं पावलांचा आवाज घुमतोय. वयानं साठीच्या असतील. गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या समाजात या मूर्तीचं धार्मिक स्थान काय होतं? मी म्हटलं, "नव्हतं. पाचवी बाई मिळत नव्हती म्हणून जेवायला बसवायचो." सईनं ते इंग्लिशमध्ये बरंच लांबवून सांगितलं. मला तितकं इंग्लिश कळतं, की मी एक वाक्य बोललो आणि ती चार बोलली.

मग त्या म्हणाल्या, तुम्हाला साचा दाखवते. लॅपटॉप हातात धरून निघाल्या. एकामागून एक अंधाऱ्या खोल्या, भिंतींवर ते पट्टे, कोणी बघायला नाही. मला वाटलं, आता खरे दिसतायत, absence म्हणतात ते हेच असेल. शेवटी एक गोदाम आलं. मला तर घरी आल्यासारखं झालं. तेच पत्र्याचे रॅक, तेच मोडके खांब. आणि मध्ये ती उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, गळ्याशी आणि पायाशी पट्टीनं बंद केलेली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काढा ते. आधी ते काढा तिच्यावरचं."

सई म्हणाली, "He would love to see it uncovered, if possible."

"असं नाही म्हणालो मी," मी म्हटलं. "मी म्हणालो, माझ्या बायकोला अशीच नेली. लुगडं नेसवू दिलं नाही, ओटी भरू दिली नाही. दगडाला नेली तेव्हा तिनं ओटी भरली होती. तिची कोणी भरली नाही. आता फोटोतूनही काढायची म्हणतायत. हे सांग तिला. जसं म्हणालो तसंच सांग, लांबवू नको, आखडू नको."

सईनं माझ्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं तोंड करून तिनं सांगितलं. या वेळी मी जेवढी वाक्यं बोललो तेवढीच ती बोलली. 'ओटी' तिनं तशीच ठेवली, तिला इंग्लिश शब्द सापडला नाही, की शोधला नाही, ते मला माहीत नाही. लुगड्यापाशी ती अडखळली आणि परत सुरुवातीपासून ते वाक्य बोलली.

हेलनबाईंनी लॅपटॉप एका रॅकवर ठेवला, दोन्ही हातांनी पट्टी सोडवली आणि प्लास्टिक खांद्यावरून हळूहळू उतरवलं, घरच्या बाईचा पदर सावरावा तितक्या बेतानं. तीच होती. तेच नाक, तीच पेंढी. आणि हिला दोन्ही हात होते.

"हातात काय आहे?" मी विचारलं.

"Pomegranate," हेलनबाई म्हणाल्या.

डाळिंब. म्हणजे आई चुकली, वडील तर फारच चुकले. सुशीला निदान फळापर्यंत आली होती. मी सवयीनं मागं वळून पाहिलं, सांगायला. मागं हॉलमधलं कपाट होतं.

फोटोचं काय ते मी विचारून सांगते, असं त्या म्हणाल्या. विचारलं एका कमिटीला. निर्णय आला तो सईकडून ऐकून मी बराच वेळ हसत होतो. फोटो पूर्ण छापायचा, पण मी जे बोललो त्यासाठी नव्हे. कमिटीचं म्हणणं असं, की शेजारी माणसं असली म्हणजे मूर्तीची उंची कळते, आणि स्थानिक संदर्भ मिळतो. अख्खा संसार केला माझ्याबरोबर सुशीलेनं, आणि आता ती संदर्भ झाली. उंची मोजायला उपयोगी पडली. पण मी सही केली. कुठल्या कारणानं का होईना, बाहेर काढलं नाही. नावं मात्र घालायची, एवढी अट मी ठेवली, आणि ती हेलनबाईंनी कमिटीला न विचारता मान्य केली.

परवा पुस्तक आलं. जाडजूड, विटेएवढं जड. कुरियरवाला दारात ठेवून लांब उभा राहिला आणि नो वरीज म्हणून निघून गेला. सईनं ते पान उघडलं. आम्ही तिघं आहोत, अख्खे, माझ्या मिटलेल्या डोळ्यांसकट. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मला दिसेना, म्हणून तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं आणि मराठी केलं. डावीकडून, सुशीला. मग सुबत्ता, संगमरवर, उजवा हात तुटलेला, ठावठिकाणा माहीत नाही. मग मी.

"पुन्हा वाच," मी म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं.

म्हणजे तिघांत हरवलेली अशी ती एकटीच. सुशीलेचा ठावठिकाणा मला माहीत आहे. हॉलच्या कपाटात, वरच्या फळीवर, वेफर्सच्या शेजारी, विमानं सुरू व्हायची वाट बघत. हिरवं लुगडं मी तिच्याखाली घडी करून ठेवलं आहे.